चिनी घराचं दुसरं दार

चिनी लिपीत ‘शांती’ लिहायची असली तर आधी एक छप्पर काढायचं आणि त्या छपराखाली एक बाई बसवायची. झाली शांती! आणि ‘घर’ लिहायचं असलं तर छप्पर तेच, फक्त त्याखाली बाईच्या ऐवजी डुक्कर. हे ऐकून आमचे ‘हे’ इतके हसले की विचारू नका. मी म्हटलं, “हसा खुशाल. छपराखाली डुकराची सोय झाली, बाईची झाली. तुमचं चित्र काही कुठे दिसत नाही!”

थट्टा राहू दे. पण घरात बाई आली म्हणजे शांती आली असं मानणारी ही माणसं त्या बाईला घरात नेमकी बसवतात तरी कुठे, हे बघायची मला फार उत्सुकता होती. २०१९ साली ह्यांना कंपनीने सहा महिन्यांसाठी शांघायला पाठवलं. मी शाळेत अर्धा वेळ इतिहास शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी लेकीला घेऊन मीही गेले. शांघायच्या चाळीस-चाळीस मजल्यांच्या इमारती बघून दोन दिवसांत मान दुखायला लागली. मग आम्ही जुन्या घरांच्या शोधात निघालो. बरोबर इंग्रजी बोलणारी एक कॉलेजातली मुलगी होती. ती नसती तर यातलं निम्मं आम्हाला कळलंच नसतं.

पहिला मुक्काम बेजिंग, म्हणजे आजोबांच्या तोंडचं पेकिंग. तिथल्या जुन्या वस्तीत ‘हुतुंग’ म्हणजे गल्ल्या आहेत. गल्लीच्या दोन्ही बाजूंना करड्या विटांच्या उंच भिंती. खिडकी नाही, गॅलरी नाही. मध्येच एखादं लाल दार. आत माणसं राहतात की धान्याची कोठारं आहेत, बाहेरून पत्ता लागत नाही. या घराला ‘सिहयुआन’ म्हणतात. चार बाजूंना चार घरं आणि मध्ये अंगण. आपला चौकाचा वाडा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे निम्मं काम झालं. फरक एवढाच की आपल्या वाड्याचा चौक छपरांनी जोडलेला असतो. इथे चारही घरं सुटी आणि अंगण चांगलं ऐसपैस.

आम्ही पाहिलं ते घर मेई लानफांग यांचं. मोठे नट. १८९४ साली जन्मले, १९६१ साली गेले, आणि जन्मभर स्त्री-भूमिका करत राहिले. आपल्या बालगंधर्वांच्याच काळातले! १९२४ साली रवींद्रनाथ चीनला गेले होते, तेव्हा त्यांनी यांचं नाटक पाहिलं होतं. शेवटची दहाएक वर्षं ते या घरात राहिले आणि १९८६ पासून घर लोकांना बघायला खुलं आहे.

दारातून आत पाऊल टाकलं की समोर भिंतच! लेक म्हणाली, “आई, दार चुकलं वाटतं.” दार चुकलं नव्हतं, ती भिंत मुद्दाम बांधलेली असते. भुतं म्हणे फक्त नाकासमोर चालतात, त्यांना वळता येत नाही. दारातून शिरलेलं भूत भिंतीवर आपटतं आणि परत जातं. माणसाने वळसा घालून आत यायचं. भुताचं मला माहीत नाही, पण मंगोलियाकडून येणारा धुळीचा वारा त्या भिंतीने नक्की अडतो, आणि रस्त्यावरून डोकावणारी शेजारीणही.

बहुतेक सगळ्या समजुतींचं तसंच आहे. ‘फेंग शुई’ म्हणजे शब्दशः ‘वारा आणि पाणी’. (आपल्या बाजारात त्या नावाने मिळणारा हसरा म्हातारा आणि तोंडात नाणं धरलेला बेडूक विसरा बरं!) उत्तरेकडे पाठ करायची, कारण थंडी तिकडून येते. दक्षिणेकडे तोंड करायचं, कारण हिवाळ्याचं ऊन तिकडून येतं. थोरलं दार मध्यभागी नाही, आग्नेय कोपऱ्यात. ती दिशा शुभ. आपल्याकडे आग्नेयेला चूल, त्यांच्याकडे दार. उंबरठा चांगला गुडघ्याच्या आसपास उंच, आणि त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. हे मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. उंबऱ्यावर बसले म्हणून लहानपणी आजीचे धपाटे खाल्लेत.

अंगणातली झाडंसुद्धा नावं बघून लावतात. चिनी भाषेत एकाच उच्चाराचे ढीगभर शब्द, त्यामुळे प्रत्येक वस्तूच्या पोटात दुसरा अर्थ. मेई लानफांग यांच्या अंगणात पर्सिमॉनची आणि सफरचंदाची झाडं. पर्सिमॉन हे टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ, हल्ली आपल्याकडेही मिळतं. त्याच्या नावाचा उच्चार ‘गोष्ट’ या शब्दासारखा आणि सफरचंदाचा ‘शांतता’सारखा. दोन्ही मिळून ‘सगळं सुखरूप असो’. डाळिंबात दाणे पुष्कळ म्हणून मुलं पुष्कळ. तिकडच्या बोराचं नाव ‘लवकर’ या शब्दासारखं, म्हणून नव्या नवरीच्या बिछान्यावर बोरं टाकतात. लवकर मुलगा होवो! ओटीतलं खारीक-खोबरं आठवलं की नाही? तुती मात्र अंगणात लावायची नाही, कारण तिचा उच्चार सुतकासारखा. नासपतीही नको, तो शब्द ताटातुटीचा.

आता माणसांकडे येते. कारण कोण कुठे राहायचं हे या घरात पक्कं ठरलेलं. उत्तरेचं, सगळ्यांत उंच छपराचं, उन्हाकडे तोंड असलेलं घर आईवडिलांचं. पूर्वेचं थोरल्या मुलाचं आणि त्याच्या बायकोचं. पश्चिमेचं धाकट्याचं. दक्षिणेचं, म्हणजे रस्त्याला पाठ लावून उभं असलेलं आणि ऊन न मिळणारं, ते नोकरमाणसांचं आणि आल्यागेल्याचं. घर मोठं असलं तर उत्तरेच्याही मागे आणखी एक ओळ. तिथे बिनलग्नाच्या मुली आणि मोलकरणी. रस्त्यापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं लांब.

आणि या सगळ्याच्या मध्ये ते दुसरं दार.

बाहेरचं लहान अंगण आणि आतलं मोठं अंगण यांच्यामध्ये एक दरवाजा असतो. त्याला ‘लोंबत्या फुलांचं दार’ म्हणतात. दोन्ही बाजूंना छपरापासून दोन आखूड खांब खाली येतात, पण जमिनीला टेकत नाहीत, अधांतरीच लोंबतात. त्यांच्या टोकाला कमळाच्या कळ्या कोरलेल्या. निळा, हिरवा, लाल, सोनेरी रंग. सगळ्या घरात इतकं सुंदर काही नसतं. दुसऱ्या एका घरात आम्ही हे दार पाहिलं. लेकीने तिथे उभं राहून फोटो काढून घेतले. फोटो झाल्यावर ती कॉलेजकन्या सहज म्हणाली, “पूर्वी हिच्याएवढ्या मुलीला इथपर्यंतच यायची परवानगी होती.” चांगल्या घरच्या मुलीची त्यांच्याकडे व्याख्याच अशी की, ‘थोरल्या दाराबाहेर जात नाही, दुसरं दार ओलांडत नाही’. परका पुरुष आत यायचा नाही, मुलगी बाहेर जायची नाही. हान घराण्यांत तर मुलीचे पाय लहानपणीच बांधून टाकायचे. १९१२ साली सरकारने त्यावर बंदी घातली, पण खेडोपाडी ती चाल पुढेही बरीच वर्षं रेंगाळली. तसल्या पावलांनी ती पोर जाणार तरी कुठे होती?

दार सगळ्यांत सुंदर का, हे मला तेव्हा उमगलं. मुलीच्या आयुष्यातलं जगाचं टोक ते! निदान बघायला तरी बरं असावं.

ते दार ओलांडायची एकच वेळ, लग्नाची. जमणाऱ्या स्थळाला ते म्हणतात, ‘दाराला दार साजेसं’. लोक सांगतात की पूर्वी थोरल्या दाराबाहेरचे कोरीव दगड आणि चौकटीवरच्या लाकडी खुंट्या पाहून घराची पत ओळखत. दोन खुंट्यांच्या घरची मुलगी चार खुंट्यांच्या घरी कशी जाणार? आपण तोलामोलाचं स्थळ म्हणतो, तोच प्रकार. नवरी सासरी आली की उत्तरेकडे घोड्याचं खोगीर ओलांडून आत येई, कारण खोगिराचा उच्चार पुन्हा ‘शांती’चाच. आपण माप ओलांडतो, त्या खोगीर. आणि एकदा गेली की गेली! ‘लग्न झालेली मुलगी म्हणजे सांडलेलं पाणी’ अशी त्यांची म्हण आहे. वर्षप्रतिपदेच्या दिवशीसुद्धा तिने माहेरी यायचं नाही, दुसऱ्या दिवशी यायचं.

आज यातली पुष्कळ घरं राहिलेली नाहीत. १९४९ नंतर एकेका अंगणात पाच-सात बिऱ्हाडं आली. १९७६ साली थांगशानचा मोठा भूकंप झाला, तेव्हा लोकांनी भीतीने अंगणात खोपटी बांधली. ती खोपटी पुढे मोडलीच नाहीत, त्यांचीच स्वयंपाकघरं झाली. पुष्कळ गल्ल्या तर पाडल्याच गेल्या. आता उरलेली घरं श्रीमंत लोक मोठ्या किमतीला घेतात.

स्वयंपाकघरावरून आठवलं. चिनी घरात सगळ्यांत जवळचा देव म्हणजे चुलीचा देव. चुलीच्या वर त्याचं चित्र चिकटवलेलं असायचं. वर्षभर तो घरात कोण काय बोललं, कोण कोणाशी भांडलं, ते गुपचूप बघतो. बाराव्या महिन्यात वद्य पक्षात, उत्तरेकडे तेविसाव्या आणि दक्षिणेकडे चोविसाव्या तिथीला, तो स्वर्गात जाऊन राजाला सगळा अहवाल देतो. मग त्याने चुगली करू नये म्हणून काय करायचं? जायच्या आधी त्याच्या ओठांना मध किंवा चिकट गोडी फासायची! तोंड उघडलंच तर गोड बोलेल, नाहीतर चिकटून बंद राहील. मग ते चित्र जाळायचं, म्हणजे देव धुरावाटे वर गेला. नव्या वर्षाच्या आदल्या रात्री नवं चित्र लावलं की देव परत हजर. मला ही कल्पना इतकी आवडली! पण त्यातली खोच पुढे आहे. ‘पुरुषांनी चंद्राची पूजा करू नये, बायकांनी चुलीची करू नये’ असं तिथे म्हणत. म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढे धूर खायचा बाईने आणि देवाच्या तोंडाला मध लावायचा घरधन्याने! हे मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “मध लावायला काही हरकत नाही.” मी म्हटलं, “धुराचंही बघा.”

मध्ये दोन दिवस अन्हुई प्रांतातली शीदी आणि होंगछुन ही गावं पाहिली. २००० साली ती जागतिक वारशाच्या यादीत आली. पांढऱ्या भिंती, काळी कौलं, समोर तळं. चित्रासारखी सुंदर, त्यामुळे चित्र काढणाऱ्या मुलांची रस्त्यात ही गर्दी. तिथले पुरुष व्यापाराला वर्षानुवर्षं बाहेर असत आणि बायका या उंच भिंतींच्या आत. खिडक्या लहान आणि उंचावर. उजेड यायचा तो मधल्या चिंचोळ्या मोकळ्या जागेतून. चारही छपरांचं पावसाचं पाणी तिथे आत पडतं, म्हणजे पैसा घरातच राहतो म्हणे. दिवाणखान्यात टेबलावर मध्ये घड्याळ, एका बाजूला फुलदाणी, दुसऱ्या बाजूला आरसा. तिन्ही नावं ओळीने म्हटली की अर्थ होतो ‘जन्मभर शांतता’. पुन्हा तीच शांतता! त्याच भागात थांगयुए गावी सात दगडी कमानी एका ओळीत उभ्या आहेत. त्यांतल्या काही, तरुणपणी नवरा गेल्यावर सासर न सोडलेल्या बायकांच्या नावाच्या. तिथे बायकांसाठी वेगळं पूर्वजगृहही आहे. ही गोष्ट दुर्मिळ, कारण इतरत्र पूर्वजांची घरं पुरुषांची. पण त्याचं तोंड पुरुषांच्या पूर्वजगृहाच्या उलट, उत्तरेला.

इथपर्यंत मी जरा हिरमुसलेच होते. म्हणून फुजियान प्रांतातल्या मातीच्या घरांबद्दल लिहायला मला जास्त हौस वाटतेय.

शांघायहून विमानाने श्यामेन आणि तिथून मोटारीने तीनेक तास डोंगरात. केळीच्या बागा, चहाचे मळे, पाऊस. कोकणात आल्यासारखं वाटत होतं. आणि वळणावर अचानक ती गोल घरं. उडती तबकडी येऊन टेकावी तशी! शीतयुद्धाच्या काळात उपग्रहाच्या फोटोत ही गोल छपरं बघून अमेरिकन लोकांना क्षेपणास्त्रांचे अड्डे वाटले, असं तिथे सगळे मोठ्या आनंदाने सांगतात. यांना ‘तुलो’ म्हणतात, म्हणजे मातीची इमारत. पंधराव्या शतकापासून विसाव्यापर्यंत बांधलेल्या, आणि त्यांतल्या ४६ इमारती २००८ साली जागतिक वारशात आल्या.

योंगदिंगमधली सगळ्यांत नावाजलेली इमारत छंगछी लो. १७०९ साली पुरी झाली. १९८६ साली चीनने लोकांच्या घरांची टपाल तिकिटं काढली, त्यांत फुजियानचं घर म्हणून हिचंच चित्र होतं. कांद्याच्या पाकळ्यांसारखी एकात एक गोल वर्तुळं. बाहेरचं चार मजली, आतलं दोन मजली, त्याच्या आतलं एक मजली आणि मधोमध पूर्वजांचं देवघर. बाहेरच्या वर्तुळात प्रत्येक मजल्यावर ७२ खोल्या, सगळ्या मिळून चारशेच्या घरात. भरात होती तेव्हा ८० कुटुंबं आणि सहाशेवर माणसं इथे राहत होती, सगळी जियांग आडनावाची. एका घरात सहाशे सासरची माणसं! माझ्या पोटात गोळाच आला.

बाहेरची भिंत माती धोपटून केलेली, खाली चांगली जाड, आत बांबूच्या कामट्या घातलेल्या. मातीत चिकट तांदळाची पेज आणि गूळसाखर मिसळत असंही सांगतात. खालच्या दोन मजल्यांना बाहेर खिडकी नाही, कारण भीती दरोडेखोरांची. ही हक्का लोकांची वस्ती. ‘हक्का’ म्हणजे पाहुणे. उत्तरेकडून शतकानुशतकं सरकत आलेली माणसं. आधीच्या लोकांनी सुपीक सपाटी घेतलेली, यांच्या वाट्याला डोंगर. म्हणून सगळं कुळ एका भिंतीच्या आत. थोरलं दार एकच, लोखंडी पत्रा मारलेलं. शत्रूने दाराला आग लावली तर वरून पाणी सोडायची सोयही अशा दारांवर असे.

पण मला खरं नवल वाटलं ते वाटणीचं. इथे उत्तरेचं घर नाही, पूर्वेचं नाही, मागची ओळ नाही. गोलाला कोपराच नाही, तर कोपऱ्यात कोणाला बसवणार? प्रत्येक कुटुंबाला केकच्या तुकड्यासारखा उभा काप मिळतो. तळाला स्वयंपाकघर, त्यावर धान्याची खोली, त्यावर दोन मजले झोपायचे. थोरल्याची खोली मोठी आणि धाकट्याची लहान असं काही नाही, सगळ्या सारख्या.

आणि इथल्या बायका पाय बांधत नसत. बांधून परवडणारच नव्हतं. पुरुष पोटासाठी समुद्रापलीकडे मलाया-सिंगापूरकडे जायचे. डोंगरातली शेती, गुरं, लाकूडफाटा, सगळं बायकांवर. तिथली एक गोष्ट फार गोड आहे. दोघी बायका एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसल्या आणि आपापल्या घराची बढाई मारू लागल्या. आमचं घर एवढं मोठं, आमच्याकडे इतकी माणसं. शेवटी नाव विचारलं तर दोघींचं घर एकच, छंगछी लो! चुलत सासू आणि सून, पण घरात कधी गाठच पडली नव्हती.

तळमजल्यावर एका स्वयंपाकघराच्या दारात सत्तरीच्या पुढच्या एक आजी चहाची पुडकी आणि सुकवलेली पर्सिमॉन मांडून बसल्या होत्या. आत विटांची चूल, बाजूला भात शिजवायचं विजेचं भांडं. चुलीच्या वर धुराने काळपट झालेला लाल कागद चिकटवलेला. मी आमच्या कॉलेजकन्येला म्हटलं, विचार ना, चुलीच्या देवाची पूजा इथे कोण करतं? आजींना प्रश्नच कळेना. तिने पुन्हा समजावून विचारलं. तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मी! दुसरं कोण करणार? माझी सासू करायची, तेव्हा सासरा परदेशात होता. चूल काय त्याच्यासाठी थांबून राहील?”

मी ओळखीचं हसले. मग आमची अगदी बायकी चौकशी सुरू झाली. चार मजले, जिना सगळ्यांचा मिळून, आणि संडास? तो दाराबाहेर. रात्री? रात्री वरच्या व्हरांड्यात लाकडी बादली. सकाळी ती कोण उतरवायचं, हे मी विचारलं नाही, त्यांनी आपणहून स्वतःकडे बोट दाखवलं. लेक नाक मुरडून लांब झाली. मला मात्र त्या चार मजल्यांच्या पायऱ्या दिसत राहिल्या. वाटणी सारखी हे खरं, पण ती मुलग्यांमध्ये. कुळाच्या वंशावळीत पूर्वी मुलींची नावं लिहीत नसत, आणि सुनेचं लिहिलं तर नुसतं माहेरचं आडनाव. देवघरातल्या पाट्यांकडे बघताना हे मी विसरले नाही.

वर जायला पर्यटकांना मनाई होती. आजींनी अंगणात येऊन आपला काप दाखवला. बोट चुलीपासून वर नेत नेत, एकावर एक चार दारं. “हे माझं,” म्हणाल्या. मुलगा श्यामेनला नोकरीला, मुलगी त्याच्याही पुढे. वरच्या तीन खोल्या वर्षभर कुलपात असतात. धान्य आता विकतच आणतात. पण नव्या वर्षाला सगळी येतात आणि दुसऱ्या दिवशी मुलगी आली की झोपायच्या खोल्या पुरत नाहीत. मग धान्याच्या खोलीत नातवंडांची अंथरुणं पडतात. मी चहाची दोन पुडकी घेतली. आजींनी लेकीच्या हातात एक पर्सिमॉन ठेवलं आणि त्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.